अठरावरून चारावर

आमच्या घरात इंग्रजी शब्द फार थोडे होते, पण जे होते ते पक्के होते. लाईट, टाईम, डिलेव्हरी, लेव्हल आणि हँडीकॅप. बा गवंडी होता, म्हणून लेव्हल घरात आलं. हँडीकॅप माझ्या मोठ्या बहिणीसोबत आलं. अक्का अजून नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा तिला ताप आला आणि तापानं तिचा डावा पाय नेला. पोलिओ हा शब्द मी पुढं शाळेत ऐकला. गावात कुणी आमचं घर विचारलं की लोक सांगत, "ती हँडीकॅप पोरगी न्हाई का, गवंड्याची? तेच घर." त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे. निदान मला तरी तसं दिसलं नाही.

गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला गोरेगावला चालत जावं लागे. अक्का डाव्या मांडीवर हात दाबून, पाय ढकलत चालायची. अशा चालण्यानं पावसाळ्यातली चिखलाची वाट होणारी नव्हती. ती घरी राहिली आणि हातमशीन शिकली. मी मात्र गोरेगावला गेले, दहावी झाले, आणि पुढं जीपनं हिंगोलीच्या कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, याचा मी फार विचार करत नसे. करायला गेले की गोंधळ व्हायचा.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वक्तृत्व स्पर्धेची नोटीस लागली. विषय होता, 'वेगळी वाट चालणाऱ्या स्त्रिया'. मराठीच्या सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडं कुठल्याशा इंग्रजी मासिकाची फाडून ठेवलेली चार पानं होती.

"सगळ्या पोरी त्याच तिघी-चौघींवर बोलणार," सर म्हणाले. "परीक्षक ऐकून ऐकून झोपतात. तू हिच्यावर बोल. ही गोल्फ खेळणारी बाई आहे, आपल्याच देशातली."

"सर, गोल्फ म्हणजे?"

सर जरा थांबले. "ते हिरवळीवर काठीनं मारतात ना, ते. वाच, म्हणजे कळेल."

सरांनाही माहीत नव्हतं हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण सरांना एखादी गोष्ट माहीत नसेल, असं तेव्हा माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

त्या चार पानांनी माझे तीन आठवडे खाल्ले. इंग्रजी शब्द वहीत काढायचा, लायब्ररीतल्या शब्दकोशात बघायचा, समोर मराठी लिहायचं आणि मग वाक्य जुळवायचं, अशी माझी रीत होती. शब्द सगळे मिळत, पण वाक्य जुळत नसे. 'तिने पहिल्याच दिवशी तीन लहान पक्षी केले.' हे मी जसंच्या तसं लिहिलं आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. 'तिचा ड्रायव्हर लांब होता.' ड्रायव्हर उंच होता असं करावं का, यावर एक दिवस गेला. शेवटी ते वाक्यच सोडून दिलं. मोठ्या घरची बाई आहे, गाडी-ड्रायव्हर असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पक्षी हा त्या खेळातला फटक्यांचा हिशोब आणि ड्रायव्हर ही लांब मारायची काठी, हे फार पुढं कळलं.

तरीही त्या बाईचं आयुष्य हळूहळू दिसायला लागलं. वडिलांनी आपली एक जुनी काठी कापून तिच्या उंचीची करून दिली होती, आणि बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत ती चेंडू मारायला शिकली. ज्या क्लबात ती खेळायची तिथं बायकांना ठरावीक दिवशी, तेही पुरुष यायच्या आत खेळून घ्यावं लागे. पुरुषमंडळी आली की बायकांनी मैदानातून बाजूला व्हायचं. ती बाजूला व्हायची आणि पुन्हा यायची. हौशी स्पर्धांत तिनं इतके चषक मिळवले की घरच्या लोकांनी काही चषकांत रोपटी लावली. हे वाक्य मला एकदम कळलं आणि फार आवडलं.

मग ती प्रोफेशनल झाली. शब्दकोशात दोन अर्थ होते, व्यावसायिक आणि धंदेवाईक. दुसरा अर्थ मी खोडला. आमच्याकडं बाईच्या नावापुढं धंदा हा शब्द लावला तर ऐकणारा पुढचं काही ऐकत नाही. पण व्यावसायिक होणं म्हणजे काय ते मला उमगेना. देशात बायकांची एकही व्यावसायिक स्पर्धा नव्हती, असं लेखातच लिहिलं होतं. आणि एकदा व्यावसायिक झालं की हौशी स्पर्धांचं दार कायमचं बंद. म्हणजे जिथं ती जिंकत होती ते तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं, आणि जिकडं गेली तिकडं खेळायला काही नव्हतंच. परदेशात जाऊन तिथल्या चाचण्या दिल्या, त्यांत ती नापास झाली. परत आली, मुलींना शिकवू लागली. बऱ्याच वर्षांनी आणखी दोन-चार मुली तिच्यासारख्या व्यावसायिक झाल्या, आणि मग कुठं त्यांची आपली एक छोटी स्पर्धा सुरू झाली. तोवर ही बाई तरुण राहिली नव्हती.

हे सगळं मी लिहून काढलं. का केलं तिनं असं, ते लेखात शोधलं. सापडलं नाही.

त्या लेखात एकच शब्द असा होता जो मला शब्दकोशात बघावा लागला नाही. तो म्हणजे हँडीकॅप. लेखात तो चार-पाच वेळा आला होता. लहानपणी तिचं हँडीकॅप अठरा होतं. कसून सराव केल्यावर ते चारावर आलं. आणि एक वाक्य असं होतं की ज्या दिवशी ती व्यावसायिक झाली, त्या दिवशी तिनं आपलं हँडीकॅप सोडून दिलं.

ते वाक्य मी वाचनालयाच्या बाकावर किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. एवढी मोठी गोष्ट, आणि सरांनी मला सांगितलीच नाही! ही बाई आमच्या अक्कासारखी होती.

मी भाषणाचा सराव आधी घरीच करायचे. अक्का हातमशीनवर साड्यांना फॉल लावत बसलेली असे, माय चुलीपुढं, बा दाराशी. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पूर्ण भाषण म्हणून दाखवलं.

"चेंडू कुठं मारती म्हनली?" मायनं विचारलं.

"लांब एक छोटा खड्डा असतो, त्यात."

"म्हंजी गोट्यावानी? गलीत घालायची?"

"तसंच, पण लांबून. सगळीकडं गवत असतं."

"एवढं गवत," बा म्हणाला, "अन् जनावर एक न्हाई सोडत तिथं?"

"जनावर कसं सोडतील, बा? खेळायची जागा आहे ती."

"गवत वाळून जात असंन फुकट," बा म्हणाला. त्याला त्या मैदानाची खरोखर हळहळ वाटत होती.

अक्का फॉल लावायची थांबली होती. मशीनचं चाक धरून बसली होती. मग म्हणाली, "अठरावरून चारावर आलं ते पुन्हा वाच."

मी वाचलं.

"कोन्या डाक्टरनं केलं?" मायनं लगेच विचारलं. "नाव दिलंय का गावाचं?"

"डॉक्टरचं काही नाही. सरावानं आलं असं लिहिलंय."

"सरावानं," अक्का म्हणाली. "आन् मंग सोडूनच देलं."

"व्हय. तसं लिहिलंय."

"सोडून कसं देतेत गं?"

 मी म्हटलं, "लिहिलंय तसं." मराठवाड्यात एखादी गोष्ट छापून आली म्हटलं की वाद संपतो. आमच्या घरात तर संपायचाच.

त्याच दिवसांत बा एका कामाच्या मागं लागला होता. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. आधी हँडीकॅपच्या सर्टिफिकेटासाठी परभणीला जावं लागायचं, आणि दोन वेळा जाऊन साहेब नाहीत म्हणून बा आणि अक्का परत आले होते. आता हिंगोलीतच शिबिर भरणार होतं. सर्टिफिकेटवर चाळीस टक्क्यांच्या वर आकडा पडला तर फोनच्या डब्यासाठी, म्हणजे अपंगांना मिळणाऱ्या पीसीओसाठी, अर्ज करता येणार होता. पिवळी पाटी, काचेची पेटी, गोरेगावच्या स्टँडवर जीपा थांबतात तिथं. बानं जागासुद्धा मनात धरून ठेवली होती. आपण आहोत तोवर ठीक, पुढं पोरीचं कसं, ही त्याची काळजी होती. तो ती बोलून दाखवत नसे. नुसता फोनच्या डब्याचं बोलायचा.

आणि इकडं अक्कानं सकाळी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या सपाट जागेत चालायला सुरुवात केली. मांडीवरचा हात काढून. पहिल्या दिवशी ती दोन पावलांत पडली. मी धावले तर म्हणाली, "तू भाषन कर तुझं." मी विहाराच्या ओट्यावर उभी राहून भाषण म्हणायचे आणि ती खाली चालायची. कोपरं सोलली, गुडघ्याला खरचटलं. हळूहळू ती भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत जाऊ लागली. कमरेतून एक झोक द्यायची, पाय पुढं फेकायची, तो टेकला की त्याच्यावर क्षणभर उभी राहायची. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे असे त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती.

बानं ते एक दिवस पाहिलं. पोरीला हाताशिवाय चालताना पाहून त्याला आधी आनंदच झाला असावा. पण संध्याकाळी म्हणाला, "चांगलं हाय. पर डाक्टरपुढं असं चालू नको."

"काहून?"

"पस्तीसच देईन तो. मंग बसा बोंबलत. तिथं हात ठेव मांडीवर, जशी चालत व्हतीस तशी चाल."

"मी न्हाई येत शिबिराला," अक्का म्हणाली.

"काय?"

"ती बाई अठरावरून चारावर आली. मी कागद करून चाळीसावर बसू का जलमभर?"

बानं माझ्याकडं पाहिलं. "कोन बाई?"

"गोल्फवाली," माय म्हणाली. "त्या गवताची."

बा बराच वेळ माझ्याकडंच बघत राहिला. रागावून नव्हे. एखादी भिंत वाकडी आली की तो तसा बघायचा, कुठल्या थरापासून चुकली ते शोधत.

कॉलेजात माझा पहिला नंबर आला. मी त्या बाईच्या अपंगत्वावरच सगळं भाषण उभं केलं होतं. 'अठरा टक्क्यांवरून चार टक्के, आणि मग एक दिवस तिनं अपंगत्वालाच नकार दिला,' असं शेवटचं वाक्य होतं. मुली रडल्या. सरांनी चष्मा पुसला. मला नांदेडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायचं ठरलं.

नांदेडलाही टाळ्या पडल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. चहाच्या वेळी एक परीक्षक माझ्याजवळ आले. वयस्कर होते, सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ उभे राहायचे.

"बेटा, छान बोललीस. गोल्फ कुठं पाहिलास?"

"नाही पाहिला, सर."

"मला वाटलंच." ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "आमच्या छावणीत मैदान होतं, म्हणून मला माहीत. हे बघ. त्या खेळात हँडीकॅप म्हणजे अपंगत्व नाही. कमजोर खेळाडूला काही फटके माफ करतात. म्हणजे पट्टीच्या खेळाडूबरोबर त्याला बराबरीनं खेळता येतं. त्या माफीला हँडीकॅप म्हणतात. खेळ सुधारला की माफी कमी होते. अठराचे चार फटके होतात. आणि व्यावसायिकांना माफी नसतेच. कळलं?"

"म्हणजे त्या बाईचे पाय..."

"ठणठणीत असणार. मैलोन्‌मैल चालावं लागतं त्या खेळात."

मी हो म्हटलं. कपातला चहा तसाच राहिला. सोबत आलेले सर लांब कुणाशी तरी हसून बोलत होते, त्यांना जाऊन सांगावं का हे मला ठरवता येईना. बक्षीस परत द्यावं लागतं का? ज्या मुली रडल्या त्या कशासाठी रडल्या? पण हे प्रश्न वरवरचे होते. एसटीच्या खिडकीशी बसल्यावर खरा प्रश्न समोर आला. शिबिर पुढच्या आठवड्यात होतं, आणि अक्का ज्या बाईच्या भरवशावर नाही म्हणत होती, तशी बाई नव्हतीच.

दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. सांगितलं तर ती शिबिराला जाईल, बाचं काम होईल, हे सरळ होतं. पण सांगितलं तर ती लिंबापर्यंत चालायची थांबेल, हेही तितकंच सरळ होतं. दोन सरळ गोष्टी एकमेकींना आडव्या कशा जातात ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फॉल लावत होती. मी समोर बसले.

"अक्का, ती बाई..."

"कोन्ती?"

"गोल्फवाली."

"काय झालं तिला?"

"तिला काही झालंच नव्हतं."

मशीनचं चाक थांबलं. मी नांदेडचं सगळं सांगितलं. 

"म्हंजी दोनी पाय चांगले?"

"व्हय."

"आन् हँडीकॅप म्हंजी?"

मी माफी म्हणून पाहिलं, सवलत म्हणून पाहिलं. ते सगळं पुस्तकातलं वाटलं. मग तोंडातून निघून गेलं, "कच्चं लिंबू."

बोलल्याबरोबर मला ते परत घ्यावंसं वाटलं. लहानपणी आमच्या गल्लीत कुठलाही खेळ मांडला की अक्का कच्चं लिंबू असायची. म्हणजे खेळात घ्यायचं, पण बाद झाली तरी बाद धरायचं नाही आणि राज्यही द्यायचं नाही. लंगडीच्या वेळी तर पोरं म्हणायची, "हिला काहून घ्यायलेत? ही तं घरूनच खेळून आली!" आणि सगळे हसायचे. मीही हसले असेन. ती मात्र भिंतीला टेकून, बाद न होता, शेवटपर्यंत उभी राहायची.

"अठरा म्हंजी अठरा डाव माफ?" तिनं विचारलं.

"तसंच काहीतरी."

"ते मागावं लागते का?"

"नाही. नियमच असतो. कमजोर असेल त्या सगळ्यांना."

"मोठ्या मानसायलाबी?"

"मोठ्यांनाच. साहेब लोकांना."

"साहेब लोक कच्चं लिंबू व्हतेत!" ती म्हणाली. हसली असं मला वाटलं, पण मग तिनं दोरा तोडला आणि एकदम बोलली, "तू मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

"मलाच माहीत नव्हतं, अक्का."

"कालेजात जाती ना तू?"

 ती उत्तराला थांबली नाही. चाक फिरवायला लागली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाला सांग, जाऊ शिबिराला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं ती उठणार नाही. पण ती विहारामागं होती. भिंतीपासून लिंबापर्यंत आणि परत. मी ओट्यावर नुसती बसून राहिले. म्हणायला भाषण नव्हतं.

शिबिराच्या दिवशी आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळ लागली होती. कुणी कुबड्या घेऊन, कुणी घरच्यांच्या पाठीवर बसून, कुणी नुसतं बसून सरकत. बा अक्काच्या कानाशी सारखा पुटपुटत होता, "हात ठेव. मांडीवर हात ठेव." अक्काचा हात मांडीवर होता. ओळीत उभी असेपर्यंत तिनं तो काढला नाही.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी तिला टेबलावर बसवलं, टेपनं दोन्ही पायांची लांबी मोजली, पोटऱ्यांचा घेर मोजला, पाय दाबायला लावला, उचलायला लावला. उचलला गेला नाही. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

"चालून दाखवू का?" अक्कानं विचारलं.

"नको. झालं."

बानं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. अक्का टेबलावरून उतरली. बानं तिच्या दंडाला धरलं. तिनं हळूच दंड सोडवून घेतला, मांडीवरचा हात काढला आणि दाराकडं चालायला लागली. कमरेतून झोक, पाय पुढं, टेकला, उभी. पुन्हा झोक. दारातल्या ओळीला वाटलं ही मधेच घुसतेय. एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, लाईनीतून या! आमी काय इथं हवा खायला बसलो?" ती दारापर्यंत गेली आणि तशीच वळून आली.

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं होतं.

"मांडीला हात देत नाही तुम्ही?"

"देत व्हते."

"मग?"

"सोडला."

"साहेब, आजच चालली ती अशी," बा घाईनं म्हणाला. "रोज न्हाई तिला जमत..."

"रोजच चालते, बा," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवला. आधी बाच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "एवढं चालता, तर सर्टिफिकेट कशाला पाहिजे?"

"फोनच्या डब्यासाठी," ती म्हणाली. "पाय मोजला ना तुमी? तो तेवढाच हाय. चालनं माझं हाय."

बाचा चेहरा पडला होता. मला वाटलं गेलं सगळं, आणि हे माझ्या चार पानांनी केलं. डॉक्टरांनी पेन पुन्हा उचलला. मग म्हणाले, "आकडा मापावर असतो, चालण्यावर नसतो." आणि लिहिलं होतं त्याच्याखाली सही केली. चाळीसच्या बरंच वर होतं. कागद देताना मात्र त्यांनी तिला थांबवलं. "पण असं चालू नका. गुडघा मागं जातोय तुमचा. काही वर्षांत कायमचा दुखेल. पट्ट्यांचा बूट करून घ्या, नाहीतर हात लावत जा."

पुढं तो फोनचा डबा मिळाला. बऱ्याच खेपा झाल्या, पण मिळाला, आणि मोबाईल घरोघर येईपर्यंत अक्कानं तो चालवला. गुडघाही दुखू लागला. डॉक्टर म्हणाले होते तसाच. या दोन्हींतलं कशाचं श्रेय आणि कशाचा दोष त्या एका शब्दाकडं जातो, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. दर वेळी वेगळंच उत्तर येतं.

त्या दिवशी आम्ही जीपची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे होतो. बा थोडा लांब, आमच्याकडं पाठ करून उभा होता. कागद त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि वरून हात दाबून धरला होता. रागावला होता की नाही, ते पाठीवरून कळत नव्हतं.

"ती बाई माफी सोडल्यावर हरली ना?" अक्कानं विचारलं.

"बरीच वर्षं."

"मंग?"

"मग खेळत राहिली."

"काहून पर? जिंकत व्हती ते सोडून?"

"मला नाही माहीत, अक्का. त्यात लिहिलं नव्हतं."

"तुला काय वाटते?"

 मीच उलट विचारलं, "तू काहून चाललीस डॉक्टरसमोर? माहीत होतं ना तुला, की तशी बाई नाही?"

"काय की," ती म्हणाली. "लोकं बघत व्हते."

जीप आली. बा पुढं बसला. अक्कानं मागच्या दांडीला धरलं आणि एक पाय वर ठेवला. तिचा दुसरा हात मांडीवर गेला, निघाला, पुन्हा मांडीवर आला. मागं भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया म्हणाल्या, "चढ ना गं बाई, काय करून राहिली?" मी तिच्या मागं उभी होते. तिला हात द्यावा की देऊ नये, हे मला ठरवता येत नव्हतं.